भ्रूणाच्या ‘जेनेटिक टेस्ट’चा मेसेज आणि त्यातला सिकलसेलचा घोळ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “आयव्हीएफ करताय? मग भ्रूणाची जेनेटिक टेस्ट केल्याशिवाय गर्भ ठेवू नका. एकाच टेस्टमध्ये सगळे आजार कळतात, सिकलसेलसुद्धा. बाळ शंभर टक्के निरोगी, पहिल्याच खेपेला यश. मुलगा की मुलगी, तेही समजतं.”

यातला प्रत्येक दावा चुकीचा किंवा अर्धवट आहे. सिकलसेलचा (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) दावा तर धोकादायक आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

“बाळ शंभर टक्के निरोगी”

आयव्हीएफ सेंटरमध्ये साधारणपणे जी टेस्ट सुचवली जाते ती पीजीटी-ए (पीजीटी म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधीची जनुकीय तपासणी). तिच्यात गुणसूत्रांची संख्या मोजतात. २३ जोड्या पूर्ण आहेत का, एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी आहे का, एवढंच ती बघते. डाऊन सिंड्रोम तिच्यात सापडतो. हृदयाला छिद्र, ऑटिझम, बाळंतपणात ऑक्सिजन कमी पडल्याने होणारी इजा यातलं काहीही तिला दिसत नाही.

शिवाय नमुना बाळाचा नसतो. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्ट होतो, तेव्हा लेझरने त्याच्या कवचाला छिद्र पाडून बाहेरच्या थरातल्या ५ ते १० पेशी काढतात. या थरापासून पुढे वार तयार होते. बाळ आतल्या पेशींच्या पुंजक्यातून घडतं. दोन्हीकडे बहुधा सारखंच असतं, पण नेहमी नाही. काही भ्रूणांत चांगल्या आणि सदोष पेशी मिसळलेल्या असतात. रिपोर्टवर ‘मोझेक’ असा शेरा येतो तो हाच. अशा भ्रूणांतून निरोगी बाळं जन्मल्याची नोंद २०१५ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहे. तेव्हा मोझेक म्हटलं की लगेच भ्रूण टाकून द्यायला सांगत असतील, तर थांबा आणि जेनेटिक काउन्सेलरला विचारा.

“पहिल्याच खेपेला यश”

चीनमध्ये १२१२ स्त्रियांवर झालेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वय २० ते ३७, प्रत्येकीकडे किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट. टेस्ट केलेल्या गटात वर्षभरातल्या प्रयत्नांतून ७७.२ टक्के स्त्रियांना मूल झालं, न केलेल्या गटात ८१.८ टक्के. गर्भपात टेस्टच्या गटात थोडे कमी झाले, हे खरं. पण चाळणीने खडे निघतात, गहू वाढत नाही. पस्तिशीच्या आतल्या बाईकडे दोनच भ्रूण असतील तर टेस्टचा खर्च करून हाती फार काही लागत नाही. चाळिशीजवळ, वारंवार गर्भपात होत असतील आणि भ्रूण बरेच असतील, तर विचार करण्यासारखं आहे.

“सिकलसेलसुद्धा कळतो”

पीजीटी-ए मध्ये सिकलसेल कळत नाही. कळूच शकत नाही. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे, आणि सिकलसेलमध्ये त्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. ११ व्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती जागेवर असतात, म्हणून मोजणीत भ्रूण ‘नॉर्मल’ येतो. दोन्ही प्रतींत बिघाड असला तरी ‘नॉर्मल’च.

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्यापासून शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आहे. इथल्या जोडप्याला ‘जेनेटिक टेस्ट नॉर्मल आली’ एवढंच सांगून घरी पाठवणं म्हणजे त्यांची फसगत आहे.

सिकलसेलसाठी वेगळी टेस्ट लागते, पीजीटी-एम. ती एका ठरावीक जनुकातला बिघाड शोधते. तिची तयारी बीजं वाढवण्याची इंजेक्शनं सुरू होण्याआधी करावी लागते. आधी नवरा-बायको दोघांची एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी. आशाताई बोटाच्या थेंबावर करतात ती सोल्युबिलिटी टेस्ट इथे पुरत नाही: ती वाहक (जनुकाची एकच प्रत बिघडलेला, स्वतः आजारी नसलेला) आणि रुग्ण यांत फरक करत नाही, आणि बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक तिच्यात निगेटिव्ह येतो. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा असेल, तरी बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो. म्हणून एचपीएलसीच्या कागदावर ए-टू या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडा जरूर बघा, तो ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमियाची शंका घेतात.

मग दोघांच्या रक्तातून नेमका बिघाड निश्चित करतात. सोबत आजारी मुलाचं रक्त, ते नसेल तर आजी-आजोबांचं. यावरून लॅब जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएतल्या खुणा जुळवते. त्याला काही आठवडे जातात. हे टाळून थेट भ्रूण तपासणारी लॅब असेल तर नको म्हणा. कारण असं: एका पेशीत डीएनए जेमतेम सहा-सात पिकोग्रॅम असतो, तो वाढवून घ्यावा लागतो, आणि वाढवताना जनुकाच्या दोनपैकी एक प्रत कधी कधी वाढतच नाही. मग वाहक भ्रूण निरोगी किंवा आजारी दिसतो. आजूबाजूच्या खुणा असल्या की ही चूक पकडता येते.

नमुना एवढा थोडा असतो म्हणून फलन इक्सीने, म्हणजे सुईने बीजात शुक्राणू सोडून, करतात. एका बीजात एकच शुक्राणू सोडला की कवचाला चिकटलेल्या इतर शुक्राणूंचा डीएनए नमुन्यात मिसळत नाही. बीजाभोवतालच्या पेशीही नीट काढाव्या लागतात, नाहीतर आईचाच डीएनए वाचला जातो. पेशी काढल्यावर भ्रूण उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि रिपोर्ट आल्यावर पुढच्या पाळीत सोडतात. ट्यूबवर नाव-नंबर लिहिताना दोघांनी तपासायचं असतं. तसं होतं का, हे बेलाशक विचारा.

आता हिशेब. दोघंही एएस (वाहक) असतील तर प्रत्येक भ्रूणाला एसएस (रुग्ण) होण्याची शक्यता चारात एक, एएस ची चारात दोन, एए (बिघाड नसलेला) ची चारात एक. एएस भ्रूण सोडायला हरकत नाही. तो आई-बापासारखाच वाहक असेल, रुग्ण नाही. घरच्यांच्या आग्रहाखातर वाहक भ्रूण टाकून देऊ नयेत. दहा-बारा बीजांतून शेवटी तीन-चारच ब्लास्टोसिस्ट उरतात, त्यातले निम्मे असे हातचे घालवायचे का?

गर्भ राहिल्यावरही ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून खात्री करतात. आणि ज्या एएस-एएस जोडप्याला दिवस आपोआप राहतात, त्यांनी आयव्हीएफच्या खर्चात पडण्याआधी हाच मार्ग समजून घ्यावा. नैसर्गिक गर्भातही चारात तीन शक्यता मूल रुग्ण नसण्याच्या आहेत.

“मुलगा की मुलगी समजतं”

हा गुन्हा आहे. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेआधीची लिंगनिवडही गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली आली. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार पीजीटी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारासाठी करता येते. लिंग निवडून देऊ म्हणणाऱ्याला पाच ते दहा वर्षं कैद, दहा ते पंचवीस लाख दंड किंवा दोन्ही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात लहान मुलींचं प्रमाण राज्याच्या सरासरीहून कमी होतं. असा मेसेज पुढे पाठवताना हे लक्षात असू द्या.

पैसे भरण्याआधी सेंटरकडून चार गोष्टी लेखी घ्या: टेस्ट पीजीटी-ए की पीजीटी-एम, एम असेल तर कोणत्या बिघाडासाठी, दर प्रत्येक भ्रूणामागे की एकूण, आणि नमुन्यातून निकालच आला नाही तर पुन्हा पेशी काढणार का, त्याचे पैसे कोण भरणार. दोघांच्या एचपीएलसीचे कागद मात्र त्याच्याही आधी हातात हवेत.