वळीव, वाळवण आणि ‘तुरळक ठिकाणी’

पावसाला ‘लहरी’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. लहरी माणूस कधीतरी चुकून का होईना, आपल्या सोयीचं वागतो. वळीव मात्र कुरडया गच्चीवर पडल्या की नेमका येतो.

कुरडईत एकदा शिरलं की माघार नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक गाळायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. पाचव्या सकाळी आभाळ बघून बेत बदलावा म्हटलं, तर चीक आंबतो. वरचं पाणी ओतून टाकायचं. चिकाइतकंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं. एकानं चीक ओतायचा, दुसऱ्यानं ढवळायचं. हात थांबला की गुठळी, गुठळी झाली की सोऱ्या अडतो, आणि मग ढवळत कोण होतं याची चौकशी बसते.

पुढे दोन-तीन कडक उन्हं लागतात. तिथेच घोडं अडतं.

सकाळभर जमीन तापते, बाष्पाची हवा वर चढते आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. म्हणून सकाळच्या निरभ्र आभाळावर भाळू नये. शिवाय ढगाचा पसारा काही किलोमीटरचाच. पुण्यात नारायण पेठेत रस्ते वाहत असताना कोथरूडकर फोनवर ‘आमच्याकडे थेंब नाही हो’ म्हणतात, तेही जरा जास्तच समाधानानं. अंदाजात असतं ‘तुरळक ठिकाणी पाऊस’. हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. आपली गच्ची तुरळकात कायम.

तेव्हा उन्हं चढायच्या आत घालून मोकळं व्हावं आणि तीनला, ऊन असलं तरी, उचलावं. प्लास्टिक एकच लांबलचक नको. ते धरायला चार माणसं लागतात आणि त्या वेळी घरात एकच असतं, तेही घोरत. वारा पडून घामाच्या धारा लागल्या की कान टवकारावेत. पाठोपाठ धुळीसकट गार झोत आला, तर तो ढगातूनच खाली आलेला असतो. तेव्हा चहा टाकू नये.

भिजल्याच तर सुट्या करून पंख्याखाली पसराव्यात. दमट डब्यात भरल्या की बुरशी. वाळलेली कुरडई कट्‌कन मोडते. वाकली तर कच्ची. ती तेलात फुलत नाही, मध्ये चिवट राहते. तिची लगेच कांदा-मिरची घालून भाजी करावी आणि बेत मुळात भाजीचाच होता, असं सांगावं.