मंत्रीसाहेबांचा तोल जाऊ देऊ नका

मंत्रीसाहेब म्हणतात, कामगारांचं हित आणि गुंतवणूक यांचा समतोल साधायचाय. त्यांचे हाल बघवत नाहीत हो. एका खांद्यावर कामगारांचं हित, दुसऱ्या खांद्यावर गुंतवणूक, आणि साहेब मधे दोरीवर. अशा वेळी आपण खालून दोरी हलवायची नाही, एवढं तरी करू शकतो की नाही? रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट, जिथे कुठे तुम्ही पंचिंग करत असाल, तुमच्यासाठीच लिहितोय.

पहिलं काम, घड्याळ बघायची सवय सोडा. १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला ९ तास लिहिलेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ते १२ करायला मंजुरी दिली. पण आठवड्याचे तास ४८ च राहणार, त्यामुळे घाबरायचं काही नाही, चार दिवस काम आणि तीन दिवस मज्जा. माझा मेहुणा बदलापूरला राहतो आणि रबाळ्याला एका कंपनीत मशीनवर आहे, त्याला मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं तर तो म्हणाला की ते तीन दिवस कुठले ते सुपरवायझरला विचारून सांगतो, अजून सांगितलं नाहीये त्याने. त्याचा हिशोब तुम्हीच करा. १२ तास शिफ्ट, बदलापूर ते ठाणे, ठाण्याला जिना चढून ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर, पुढे रबाळे, मग गेटपर्यंत पायपीट, जाऊन-येऊन साडेतीन तास कुठे गेले नाहीत. उरले साडेआठ. त्यात झोप, आंघोळ, पोरीचा अभ्यास आणि बायकोची बोलणी. बोलणी जरा कमी करता येतील, साहेबांसाठी.

आणि १२ तासांचं एवढं काय घेऊन बसलात? वॉचमन लोक वर्षानुवर्षं तेच करतायत. ऐरोली-महापेला आता डेटा सेंटर झालीत, कोट्यवधींची गुंतवणूक, आत थंडगार हवेत नुसते दिवे लुकलुकतात आणि माणूस औषधाला सापडत नाही. गेटवर एक जण असतो. प्लास्टिकची खुर्ची, बाजूला डबा, आठ ते आठ. गुंतवणूक आणि कामगार यांचा समतोल एकाच फ्रेममध्ये बघायचा असेल तर त्याच्याकडे बघा. खुर्चीचा एक पाय तुटलाय, खाली वीट लावलीय, पण तोल बघा कसा धरलाय.

आता दावोस, म्हणजे स्वित्झर्लंडमधलं ते गाव जिथे दरवर्षी जगभरचे नेते आणि उद्योगपती जमतात. २०२५ च्या जानेवारीत आपल्या सरकारने तिथे १५ लाख कोटींच्या वर सामंजस्य करार केले. बऱ्याच कंपन्या भारतातल्याच होत्या, पण घरच्या माणसाशी बोलायला बर्फात जावं लागतं हे ज्याचं लग्न झालंय त्याला समजेल. करार त्यांनी केलाय, सामंजस्य आपण दाखवायचं, अशी सरळ वाटणी आहे. नाही दाखवलं तर प्रकल्प गुजरातला जातो. लहानपणी बागुलबुवा होता, आता गुजरात आहे. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प गेलाच ना? त्याच्या पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली, पण तो मुद्दा नाही, मुद्दा हा की तेव्हा तुम्ही ९ तासांनंतर घरी निघून जात होतात.

गणपतीला गावी जायचं असेल तर जरा जपून. केंद्राच्या नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात विरघळवले. त्यातल्या एकीत लिहिलंय की निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तो संप. आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांनी भरलेल्या कारखान्यात चतुर्थीला काय होतं ते मी सांगायला नको. त्यामुळे ठरवू नका, फक्त जा. तिकीट वेगवेगळं काढा, दिवा स्टेशनवर एकमेकांना ओळख दाखवू नका, आणि कुणी विचारलं तर बाप्पाने परस्पर बोलावलं म्हणा.

कंपनी बंद होईल अशी भीती वाटते? वाटू देऊ नका. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्यालाही कुलूप लावायचं तर सरकारची परवानगी लागायची, आता तो आकडा ३०० झालाय. म्हणजे २९९ जणांना घरी पाठवायचं असेल तर बिचाऱ्या साहेबांच्या टेबलावर फाईलच येणार नाही, तेवढाच ताप कमी. वडील वागळे इस्टेटला लेथवर होते, त्या जागेवर आता जिम आहे. लोक पैसे भरून घाम गाळतात. वडिलांना याचं भयंकर आश्चर्य वाटतं.

खरा घोळ ठाण्याच्याच एका माणसाने घालून ठेवलाय. नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली, मालकांच्या मागे लागला लागला आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. गुंतवणूकदाराला काय वाटेल याचा विचारच नाही! तेव्हापासून आपल्याला रविवारी मटण आणायची खोड लागली.

ती मोडायची सोय ओव्हरटाइममध्ये आहे. तिमाहीला ११५ तासांची मर्यादा होती ती १४४ करायचं ठरलंय. १४४ म्हटलं की आपल्याला जमावबंदी आठवते, पण ते कलम २०२४ मध्ये बदलून १६३ झालं, आकडा मोकळाच पडला होता, कुठेतरी वापरायला नको? शिवाय जबरदस्ती अजिबात नाही, कामगाराची लेखी संमती घ्यायची असं सरकारने बजावून सांगितलंय.

ही संमती मेहुण्याने मला दाखवली, मोबाईलवर फोटो काढून आणला होता. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट, सगळं इंग्रजीत, नाव आणि टोकन नंबर आधीच टाइप केलेला, खाली 'मी स्वखुशीने' अशा अर्थाचं काहीतरी आणि सहीच्या जागी पेन्सिलने फुली. तारखेची जागा कोरी. ती नंतर भरतात, ज्या महिन्यात खुशी लागेल त्या महिन्याची. नाही म्हणायचं असेल तर रकाना कुठाय, असं एका नवीन पोराने विचारलं म्हणे. तो पोरगा आता दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. दर दुप्पट आहे, कायद्यातच आहे, पगाराच्या स्लिपवर शोधत बसू नका, डोळ्यांना ताण येतो.

तेव्हा उद्या कागद आला की वाचायला चष्मा काढू नका, मागे लाईन खोळंबते. फुली दिसेल तिथे सही करा आणि पेन आठवणीने परत द्या, ते कॉन्ट्रॅक्टरचं आहे.