सहा महिने पडून राहिल्यावर जी पेटते, ती टॉर्च

सोसायटीच्या ग्रुपवर आज कुणीतरी टॉर्चची जाहिरात टाकली. १०,००० लुमेन, दोन किलोमीटर फोकस, किंमत ४९९ रुपये. तासाभरात खाली नावांची रांग लागली: माझ्या दोन, आमच्या तीन धरा. पावसाळा तोंडावर आलाय, सगळ्यांना घाई आहे, ते कळतं. पण नाव देणाऱ्यांत तळमजल्यावरच्या काकूंचं घरही आहे, आणि ते वाचून माझं डोकं फिरलं.

बडोद्यातला ऑगस्ट २०२४चा पूर विसरलात का? विश्वामित्री नदीचं पाणी रस्त्यावर, मीटर पाण्यात, लाईट मुद्दाम बंद ठेवलेली. काकूंकडे टॉर्च होती हो! मागून दोन पिना बाहेर निघतात आणि थेट भिंतीच्या प्लगमध्ये बसते, ती. दिवाळीला चार्ज करून कपाटात ठेवलेली. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा बटण दाबलं. जराशी मिणमिणली आणि गेली. सत्तरी ओलांडलेली बाई अंधारात भिंत चाचपत ब्लडप्रेशरच्या गोळ्या शोधत होती. पुरात मगरी वस्तीत शिरतात अशा गावात राहतो आपण. पायाखाली काय आहे ते दिसायला नको?

नंतर ती टॉर्च उघडली. आत ४ व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी, दोन्ही बाजूंनी फुगलेली, मल्टिमीटरवर दीड व्होल्टसुद्धा नाही. यात काकूंची काही चूक नाही. ही बॅटरी न वापरता ठेवली तरी आपोआप उतरते. तशीच उतरलेली राहिली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसतो, आणि मग कितीही वेळ प्लगला लावा, ती चार्ज धरत नाही. तिला दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावं लागतं. असं न चुकता करणारी किती घरं आहेत आपल्याकडे?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. या दोन पिनांच्या स्वस्त टॉर्चमध्ये बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर लावून २३० व्होल्टची लाईन तशीच आत घेतलेली असते. म्हणजे चार्जिंग चालू असताना आतल्या कुठल्याही भागाला हात लागला तर शॉक बसू शकतो. बॉडी तडकली असेल, पाणी गेलं असेल, तर ती पुन्हा प्लगला लावायची नाही. वाळवूनही नाही. लहान मुलं असलेल्या घरात ही वस्तू आणूच नका.

आता ते १०,००० लुमेन. एक मेणबत्ती साधारण १२ लुमेन उजेड देते, जुना ६० वॉटचा बल्ब ७०० ते ८०० देतो. चांगला एलईडी १ वॉटमागे १०० ते १५० लुमेन देतो, म्हणजे १०,००० लुमेनला निदान ७० वॉट हवेत. या टॉर्चमध्ये असतो ‘१८६५०’ या मापाचा एक लिथियम सेल: ३.७ व्होल्ट, ३००० एमएएचच्या आसपास, सगळी मिळून ११ वॉट-तास ऊर्जा. दहा मिनिटांत खलास, आणि तोवर टॉर्च हातात धरवणारही नाही. त्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसेल. १८६५० मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० ते ४००० च्या आसपास थांबते. वजन करून बघा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या पुढेमागे भरतो. जो आकडा छापताना खोटं बोलला, त्याने आत सेल खरा घातला असेल यावर कसा विश्वास ठेवायचा?

घरात खोलीभर वावरायला २० ते ५० लुमेन भरपूर झाले. जिन्यात किंवा गेटपर्यंत पाणी किती आलंय ते बघायला १०० ते १५०. टॉर्च टेबलावर उभी ठेवून तोंड पांढऱ्या छताकडे केलं की खोलीभर उजेड पसरतो, चार माणसं निवांत जेवतील.

मग घ्यायची कुठली? दोन पेन्सिल सेलवर चालणारी, एकच एलईडी असलेली, कमी-जास्त असे दोन उजेड देणारी. दोनशे ते चारशे रुपयांत बरी मिळते. पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए, मुद्दाम सांगतेय. तो कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्ल्यावर रात्रीसुद्धा मिळतो. तीन बारीक (ट्रिपल ए) सेलवाली, पुढे नऊ-बारा एलईडी लावलेली टॉर्च घेऊ नका. बारीक सेलची क्षमता पेन्सिल सेलच्या निम्म्याहून कमी असते, आणि सेल बसवायचा तो प्लॅस्टिकचा पिंजरा आधी तडकतो. शिवाय आत उजेड स्थिर ठेवणारं सर्किटच नसतं, त्यामुळे पहिला अर्धा तास झगमगाट आणि मग पिवळट मरगळ.

रावपुऱ्यात किंवा मंगळ बाजारात जा आणि दुकानातच सेल घालून बघा. मागचं झाकण फिरवून काढा: आटे सरळ आहेत का, आट्यांशी रबराची रिंग आहे का, स्प्रिंग दाबून सोडली की लगेच वर येते का. मग टॉर्च चालू करून तळहातावर जोरात आपटा. फडफडली तर परत द्या, घरी जाऊन ती सुधारणार नाही. बटण टक्क वाजून बसणारं हवं. हलकं स्पर्शाचं इलेक्ट्रॉनिक बटण बंद असतानाही थोडा करंट खात राहतं. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं असेल तर ते धरू नका. पाणी किती सोसतं ते सांगणारा आयपीएक्सचा आकडा बघा: आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतात, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याला निदान ४ हवं, ७ मिळालं तर उत्तम.

सेल अल्कलाइनच घ्या. साध्या स्वस्त सेलमध्ये बाहेरचा जस्ताचा डबाच झिजत वीज तयार होते, म्हणून तो शेवटी भोक पडून गळतो आणि स्प्रिंग खाऊन टाकतो. अल्कलाइन सेल तारखेच्या आत असेल तर सहसा त्रास देत नाही, पण पूर्ण उतरलेला आत राहिला की तोही गळतो. पांढरी पूड दिसली तर हातमोजे घालून, कापसाला लिंबाचा रस लावून पुसा, कोरडं करा, स्प्रिंगवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा. नवा आणि जुना सेल एकत्र घालायचा नाही. जुना आधी संपतो, मग नवा त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतो, त्याचे ध्रुव उलटतात आणि तो गळतो, कधी फुटतोही.

आणि हे प्रत्येक घराने करा: दुधाच्या पिशवीची सेलच्या बुडाएवढी चकती कापून सेल आणि मागच्या झाकणाच्या मध्ये ठेवा. कपाटात बटण चुकून दाबलं गेलं तरी सेल उतरत नाही. अंधारात झाकण उघडायचं, चकती झटकायची, झाकण लावायचं. सेलची दिशा शोधायची गरज नाही. काकूंच्या हातून हे सहज झालं असतं.

इन्व्हर्टर आहे म्हणाल. त्याची बॅटरी जिन्याखाली जमिनीवर असते, पुरात सगळ्यात आधी तीच बुडाली. मोबाईलचा उजेड दोन मिनिटांसाठी ठीक, पण त्या रात्री चार्जिंग बोटीवाल्याला फोन करायला लागतं. रोज रात्री फेरी मारणाऱ्या वॉचमनला लिथियमची रिचार्जेबल परवडते, हे मान्य. ती घेतलीत तर सेल बाहेर काढता येणारी घ्या, आणि यूएसबी-सी असेल तर दोन्हीकडे सी असलेल्या केबलने चार्ज होते का ते तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच होत नाहीत.

घरात म्हातारं माणूस किंवा कडेवरचं मूल असेल तर दुसरी टॉर्च कपाळावर बांधायची घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. टॉर्च खालच्या ड्रॉवरमध्ये नको, दाराजवळ खांद्याच्या उंचीवर खिळ्याला टांगा, वर रेडियमची पट्टी चिकटवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा पेटवून बघा.

आणि घरातल्या त्या दोन पिनांच्या जुन्या टॉर्च कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. आत शिसं आणि ॲसिड आहे. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारे जुनं शिसं घेतात, त्यांच्याकडे द्या.