“अर्धंच तेल बदललं” या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. एक स्टार, आणि खाली लिहिलंत की वडिलांची जुनी ऑटोमॅटिक गाडी गिअरचं तेल आणि फिल्टर बदलायला दिली, पुस्तकात साडेसात लिटर लिहिलंय तर यांनी चार लिटरसुद्धा घातलं नाही. अर्धं काम, पूर्ण पैसे. दोन तासांच्या कामाला अख्खा दिवस. घरी आणल्यावर पार्किंगमध्ये तेलाचे डाग. शेवटी लिहिलंत, “म्हाताऱ्या माणसाला गंडवलं.”

डाग पडले ही चूक आमची, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चेंबरचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटाचं, पॅकिंग नवं असलं की गरम-थंड होऊन ते थोडं बसतं आणि बोल्ट परत एकदा तपासावे लागतात. दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं येऊन जा, असं मी तुमच्या बाबांना तोंडी सांगितलं होतं, पण बिलावर लिहिलं नाही आणि नंतर फोनही केला नाही. गणेश चवथ तोंडावर, त्यात तुम्ही पेव्हर्स नवीन बसवलेले. घरात काय बोलणी झाली असतील ती मी समजू शकतो. गाडी आणा, बोल्ट फुकट बघून देतो. पेव्हर्स धुवायलाही पोऱ्याला पाठवतो.

पण “गंडवलं” या शब्दावर मला बोलायचं आहे, आणि ते जरा लांबणार.

मी इथे गोव्यात, डिचोलीत १९९८ पासून हात काळे करतोय. आधी सगळं काम खाणीच्या ट्रकांचं. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा रांगेत उभे असायचे ते ट्रक अंगणाअंगणांत गंजू लागले, आणि मी चाळिशीत नव्याने गाड्या शिकलो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तर पहिल्यांदा उघडला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. सांगायचं एवढंच की हमरस्त्यावरून आत वळण्याआधी लोक आता मोबाइल बघतात. या आठवड्यात एक ठरलेली गाडी आली नाही. तुमच्यामुळेच आली नाही असं मी म्हणत नाही.

आता त्या लिटरांचं.

पुस्तकातलं साडेसात लिटर बरोबर आहे. पण ते कोरड्या, नव्याने जोडलेल्या गिअरबॉक्सचं माप. चालत्या गाडीचं चेंबर खोललं की त्यातलं साधारण निम्मंच तेल खाली येतं. राहिलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवलेला, भोपळ्यासारखा गोल डबा तो. मॅन्युअल गाडीत क्लच जे काम करतो ते यात तेल करतं, म्हणून तो सदा भरलेला. तुमच्या गाडीत त्याला तेल काढायचा बोल्टच दिलेला नाही. थोडं तेल कूलरच्या पाइपांत राहतं, थोडं व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल कुठल्या गिअरला जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक नळ्यांत. ते सगळं एका झटक्यात काढायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि मग बिल सात हजार नऊशेवर थांबलं नसतं.

बाबा त्या वेळी तिथेच स्टुलावर बसले होते. निघालेलं तेल मी जमिनीवर वाहू दिलं नाही, मापाच्या कॅनमध्ये घेतलं आणि कॅन त्यांच्यासमोर धरला. ३.६ लिटर. रंग म्हणाल तर कोरा चहा, वास जळका. नवं तेल लाल असतं, तेही मी बाटलीतून थोडं पांढऱ्या कापडावर ओतून शेजारी दाखवलं. मग चेंबरच्या तळाची दोन चुंबकं काढली. त्यांवर राखाडी लगदा होता, बोटाने चोळून बघितला, मऊ होता, कुठे कण टोचला नाही. बाबा म्हणाले, काजळासारखं आहे रे. मी म्हटलं, काजळ चालतं, लोखंडाचा कीस निघाला असता तर घाबरायचं. एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर चाललेल्या आणि तेल कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सच्या मानाने ही चांगली बातमी होती, आणि ती मी त्यांना तशीच दिली.

भरताना ३.८ गेलं, कारण तेल आधीच थोडं कमी होतं. बरं, हे भरणं म्हणजे बादली ओतणं नव्हे. इंजिन चालू ठेवायचं, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरवर थोडा थांबवत पूर्ण फिरवायचा, परत पी वर आणायचा आणि तेल तापल्यावर गेज, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघायचं. तेल थंड असताना बघितलं तर वेगळं दिसतं, तापल्यावर फुगून वर येतं. कमी राहिलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर आतल्या फिरत्या भागांना लागून फेस येतो. दोन्हीत गिअर घसरतो. तुम्ही म्हणता तसं साडेसात लिटर ओतलं असतं तर गाडी डिचोलीच्या बाजारापर्यंतसुद्धा धड गेली नसती. बिलावर तेल चार लिटर लिहिलंय, चार लिटरचेच पैसे लावलेत. साडेसातचे लावले असते तर तुमचं म्हणणं मान खाली घालून ऐकलं असतं.

तुमच्या एका मित्राने लिहिलंय की शहरात मशीन लावून सगळं तेल बदलून देतात. माझ्याकडे ते मशीन नाही, हे खरं. पण असतं तरी या गाडीला मी पहिल्याच खेपेला लावलं नसतं. इतकी वर्षं तेच तेल राहिलं की गिअरबॉक्सच्या आत गिअर पकडणाऱ्या क्लच प्लेटांची झिजलेली भुकटी त्यात मिसळते, तळाशी बसते. ते सगळं एकदम ढवळलं तर घाण व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकते, आणि झिजलेल्या प्लेटा नव्या तेलात घसरायला लागल्याच्या गोष्टी आमच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकल्या आहेत. यावर मेकॅनिकांत वाद आहेत, मान्य. मी भित्र्या बाजूचा. आज निम्मं, हजार किलोमीटर चालवून परत निम्मं, मग अजून एकदा. दुसऱ्या खेपेला पाऊण तेल नवं होतं, तिसऱ्याला शंभरातले सत्त्याऐंशी भाग. हा हिशोब मी बाबांना बिलाच्या पाठीमागे पेनने करून दिला होता. बिल उलटून बघितलंत का?

गाडी दोनवरून तीनवर जाताना अजून हलका झटका देते असं तुम्ही लिहिलंय. देईल. तेल बदलल्याने झिजलेली प्लेट नवी होत नाही, हे काम घेण्याआधीच सांगितलं होतं. झटका वाढला तर लगेच आणा, तसाच राहिला तर दुसऱ्या बदलापर्यंत थांबा. गेल्या वर्षी कुठेतरी कोणीतरी “लाल तेल” म्हणून वरून थोडं घातलं होतं, हेही बाबांनी सांगितलं. कुठलं ते त्यांना आठवलं नाही. पॉवर स्टिअरिंगचंही तेल लाल असतं, सगळी लाल तेलं सारखी नसतात. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

फिल्टर दाखवला नाही, असंही एका ओळीत आहे. दाखवला, साहेब. वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला, तेल गळत होतं म्हणून बाबांनीच “ठेव तुझ्याकडे” म्हटलं. तो अजून माझ्या फळीवर आहे, गाडीचा नंबर चिकटवून. फिल्टरच्या नळीवरची जुनी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंगसुद्धा त्याच पुडीत आहे. ती मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळदा जुनी रिंग आत भोकातच चिकटून राहते, तिच्यावर नवीन ठोकली जाते आणि मग फिल्टर नीट बसत नाही. ती मी आरसा आणि टॉर्च घेऊन शोधून काढली. त्यात पाऊण तास गेला. हा पाऊण तास बिलात नाही.

वेळेचं म्हणाल तर गाडी बेळगावहून चोर्ला घाट उतरून थेट माझ्या दारात आली, बॉनेटवर हात ठेववत नव्हता. तेल कोमट असताना काढलेलं चांगलं, पण उकळतं काढायचं तर माझा डावा हात बघा, डाग अजून आहे. दीड तास त्यात गेला. मग फिल्टरसोबत आलेलं पॅकिंग दुसऱ्याच मॉडेलचं निघालं, दुसरं म्हापशाहून आणवलं, आणि वाटेत रस्त्यावर पाणी म्हणून ते आणणारा पोऱ्या अडकला. आधी तपासून घ्यायला हवं होतं. ती चूक माझी. तुम्ही फोनवर “अजून किती?” विचारलंत तेव्हा मी तुटक बोललो असेन, दोन्ही हात तेलात होते आणि फोन खांद्यात धरलेला. तेवढं पोटात घाला. मात्र बाबांना त्या वेळात उपाशी ठेवलं नाही. समोरच्या हॉटेलातून पातळभाजी-पाव आणि चहा आणला, पैसे ते देत होते, मी घेतले नाहीत. त्यांनीच मला जुन्या फेरीबोटीच्या गोष्टी सांगितल्या. जाताना पाठीवर हात ठेवून गेले. म्हणून तर तो शब्द जास्त लागला.

पुढे काय करणार, हेही विचारलंय तुम्ही. बिलावर दुसऱ्या बदलाची तारीख, किलोमीटर आणि बोल्ट तपासायचं छापून घेतोय, प्रेसवाल्याने चवथीनंतर देतो म्हटलंय. सुट्या भागांचं आधीच बघून ठेवायचं, असं मुलांना सांगितलंय. तेल किती निघालं, किती गेलं याचा फोटो घरच्यांना पाठवायची सोय करायचा विचार आहे, ते माझ्या मुलीला येतं, मला नाही. तुमच्या दुसऱ्या बदलाला मजुरी घेणार नाही, फक्त तेलाचे द्या.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. तो एक शब्द तेवढा बघा. गॅरेज चवथीला पाच दिवस बंद, त्यानंतर कधीही या, शक्यतो सकाळी आणि गाडी थंड घेऊन. बाबांनाही आणा.

आणि डिकीत स्टेपनीच्या बाजूला पिशवीत एक बाटली आहे. चार लिटरमधलं उरलेलं २०० मिली त्यात आहे, झाकणावर मार्करने तारीख घातली आहे. फेकू नका, पुढच्या वेळी लागेल.