प्रायर लावला म्हणून मंदीचं कारण सापडत नाही

‘अडीचशे निर्देशांक बायेझियन क्वांटाइल रिग्रेशनमध्ये घाला, हॉर्सशू प्रायर लावा; फालतू व्हेरिएबल आपोआप गळतात आणि मंदीची खरी कारणं तेवढी उरतात’, हा दावा डेटावाल्या मंडळींत सर्रास फिरतो. (क्वांटाइल रिग्रेशन म्हणजे सरासरीऐवजी टोकाचा, इथे वाईट तिमाह्यांचा, अंदाज; प्रायर म्हणजे डेटा पाहण्याआधीचं गृहीतक; हॉर्सशू हा बहुतेक व्हेरिएबलचा परिणाम जवळपास शून्य मानणारा प्रायर.) लोक त्यावर धोरणं सुचवू लागतात, म्हणून तो खोडायलाच हवा.

‘आपोआप गळतात’: नाही गळत. हॉर्सशू सहगुणकांना (प्रत्येक व्हेरिएबलचा परिणाम दाखवणाऱ्या आकड्यांना) शून्याकडे जोरात ओढतो, पण नेमकं शून्य करत नाही. काय ठेवायचं नि काय वगळायचं हे नंतर वेगळ्या निकषावर ठरवावं लागतं, आणि निकष बदलला की यादीही बदलू शकते.

‘खरी कारणं उरतात’: सगळ्यात घातक भाग हा. एड्रियन, बोयारचेन्को आणि जानोने या अर्थतज्ज्ञांचा अमेरिकी जीडीपीवरचा 2019 चा गाजलेला निबंध घ्या. 1973 ते 2015 म्हणजे 172 तिमाह्या. 5 टक्क्यांच्या क्वांटाइलची, म्हणजे सर्वांत वाईट 5 टक्के तिमाह्या वेगळ्या करणारी, रेषा बसवली की तिच्याखाली उरतात जेमतेम 8-9. शिवाय मोठ्या घसरणी सुट्या येत नाहीत. 1974-75, 1980-82, 2008-09 अशा गठ्ठ्यांनी येतात. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर अडीचशेंतून ‘कारण’ निवडायचं? त्या तिघांनी मुख्य मॉडेलमध्ये दोनच व्हेरिएबल ठेवले: चालू वाढदर आणि शिकागो फेडचा (अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या शिकागो शाखेचा) वित्तीय स्थितीचा निर्देशांक, जो स्वतःच 105 मालिकांचा अर्क आहे. या मालिका एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एक काढली तर दुसरी तिची जागा घेते.

याच जानोने यांनी लेंझा आणि प्रिमिचेरी यांच्यासोबत 2021 मध्ये दाखवलं की, बहुतेक आर्थिक डेटात पोस्टेरियर (डेटा पाहिल्यानंतरची संभाव्यता) एका छोट्या मॉडेलवर स्थिरावत नाही, अनेक मॉडेलांवर पसरतो. तो अभ्यास सरासरीच्या रिग्रेशनवरचा; शेपटीत, म्हणजे टोकाच्या वाईट तिमाह्यांत, तर माहिती आणखी विरळ.

भाकितासाठी श्रिंकेज (सहगुणक शून्याकडे ओढणं) उपयोगी पडतं, हे मान्य. पण भाकीत सुधारणं वेगळं आणि कारण सापडणं वेगळं.

‘बायेझियन आहे, म्हणजे अनिश्चितताही नीट मोजली जाते’: इथे सहसा वापरतात ते असममित लाप्लास वितरण (वरच्या नि खालच्या चुकांना वेगवेगळं वजन देणारं) ही गणिताची सोय आहे, जीडीपी तसा वागतो असं कोणी म्हणत नाही. त्यातून आलेली विश्वासमर्यादा दुरुस्तीशिवाय छापू नये. आणि जुन्या तिमाह्यांवर चाचणी घेताना त्या वेळी हाती असलेलेच आकडे वापरावेत, कारण शिकागोचा निर्देशांक मागचे आकडेही नव्याने काढतो.