आधी मोजा, मग सांगा चार की दोन!

"चारही बदला मॅडम. चारही गेलेत."

मी गाडीतून उतरलेसुद्धा नव्हते. हॅन्डब्रेक ओढायचा होता. टायरवाला खाली वाकला नाही, चाकाला हात लावला नाही, स्टिअरिंग वळवून आतली कड बघितली नाही. लांबूनच निकाल. २१,६०० रुपये, वर अलाइनमेंट-बॅलन्सिंग वेगळं. मी विचारलं, मागच्या टायरांच्या खाचा किती मिलिमीटर शिल्लक आहेत? तर म्हणे, "मिलिमीटर आम्ही बघत नाही. मिस्टरांना घेऊन या, त्यांना समजावतो."

माझ्या मिस्टरांना गाडी चालवता येत नाही! डिचोलीहून पणजी, रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, मी चालवते. म्हापसा, मग पर्वरीत त्या उड्डाणपुलाच्या कामाखालचे खड्डे, सगळे माझ्या टायरांनी झेललेत.

घरी येऊन मी स्वतः मोजलं. खाचांची खोली मोजायची पट्टी दोनशे रुपयांच्या आत मिळते. पुढचे दोन २.१ आणि २.३ मिलिमीटर. मागचे दोन्ही ५. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ ही कायद्याची शेवटची मर्यादा. म्हणजे पुढचे पावसाआधी जायलाच हवेत, ते मला मान्य आहे. पण मागच्यांत निम्म्याहून जास्त जीव आहे, आणि हा माणूस ते दोन्ही भंगारात काढायला निघाला होता, माझ्या पैशाने!

पुढचेच का झिजले? कारण इंजिनाचं वजन पुढे, गाडी ओढतात पुढची चाकं, वळतात तीच आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांच्यावरच. म्हणून तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करायचे असतात, यालाच रोटेशन म्हणतात. तसं केलं की चारही सारखे झिजतात आणि मग चारही एकदम बदलणं रास्त ठरतं. माझ्या गाडीचे का नाही झिजले सारखे? डाव्या मागच्या टायरला म्हापशाच्या बाजारात फुटपाथला घासून लांब ओरखडा पडलाय. त्यानंतर एक सर्व्हिसिंग झालं. त्याच्या बिलात रोटेशनचे पैसे लावलेत. ओरखडा मात्र अजून डाव्या मागच्या टायरवरच! चाक जागचं हललंच नाही आणि मी पैसे मोजून आले. हे कळलं तेव्हा माझं डोकं असं तापलं की रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दुकानात गेले. हा म्हणाला दोनच बदला. बरं वाटलं. लगेच पुढचं वाक्य: "नवे पुढे टाकतो." का? "सगळे पुढेच टाकतात." साखळी गावात राहणारा माझा भाऊसुद्धा फोनवर तेच म्हणाला.

अरे, पण पावसाचं काय? वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे गोव्यात. रस्त्यावर पाणी साचलं की ते टायरच्या खाचांतून बाहेर फेकलं जायला हवं. खाचा उथळ असल्या तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो. पुढची चाकं अशी सुटली तर गाडी वळत नाही, सरळ जाते, स्टिअरिंग हलकं लागतं. एक्सलेटर सोडला की बहुतेक वेळा सावरता येते. मागची चाकं सुटली तर गाडीचा पार्श्वभाग फिरतो, आणि चोर्ला घाटाच्या वळणावर तो फिरला की माझ्यासारखीने काय करायचं? दोनच घेतले तर नवे मागे, जुन्यांतले चांगले पुढे. टायर बनवणाऱ्या कंपन्या स्वतः हेच सांगतात. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, "तुम्ही उलटं सांगताय मॅडम."

वर त्याने आणलेली जोडी! टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, टायर कधी बनला ते सांगणारे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एकावर ३४२२, दुसऱ्यावर ०९२४. म्हणजे एक २०२२ चा, एक २०२४ चा, आणि किंमत दोघांची नव्याची. मी ते आकडे वाचल्यावर मुकाट्याने एक टायर आत घेऊन गेला. वाचले नसते तर?

चार बदलायला माझा विरोध नाही, हेही लिहिते. फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर चारही सारखेच लागतात, एका टायरचा घेर कमी पडला की गिअरच्या भागांवर ताण येतो. माझ्या काकांची गाडी वर्षानुवर्षं अंगणात उन्हात उभी, आठ वर्षांत वीस हजार किलोमीटरही झाली नव्हती. खाचा अजून खोल, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा. त्यांना मीच हट्टाने चारही बदलायला लावले. कारण सांगता येत होतं म्हणून! "चारही गेलेत" हे कारण नव्हे. माणूस पगारातून पैसे बाजूला काढून तुमच्या दारात उभा राहतो, त्याला दोन मिनिटं वाकून चार आकडे सांगायला काय जातं तुमचं?

शेवटी फोंड्याला गेले. नवे दोन, दोन्ही एकाच महिन्यातले, मागे बसवून घेतले. तिथेही दोनदा सांगावं लागलं. काम संपेपर्यंत जॅकशेजारी उभी होते. ओरखड्याचा टायर आता पुढे डाव्या बाजूला आहे.