कुत्र्याला घाबरणाऱ्या मुलाला कुत्र्यासोबत कोंडू नका

'मानसशास्त्राने सिद्ध केलेलं पालकत्व' असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. आमच्या नात्यातल्या ग्रुपवर तो आला आणि खाली भाचीने लिहिलं, "रविवारी करून बघते." म्हणून उत्तर देणं भाग आहे. मेसेजमध्ये चार दावे आहेत: एक, घाबरणाऱ्या मुलाला कुत्र्यासोबत खोलीत ठेवलं की भीती कायमची मोडते, हे मानसशास्त्रज्ञ वॉटसनने दाखवलं; दोन, शिक्षेचं शास्त्र वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या स्किनरने दिलं; तीन, फ्रॉइड मानसशास्त्राचा जनक; आणि चार, मानसशास्त्रज्ञ मास्लोच्या माणसाच्या गरजांच्या पिरॅमिडमध्ये खालची पायरी पूर्ण भरल्याशिवाय वरची चढता येत नाही.

पहिला दावा नुसता चूक नाही, उलटा आहे. 1920 मध्ये वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या साधारण 11 महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवला आणि त्याच्या डोक्यामागे लोखंडी कांबीवर हातोडा मारला. असं मोजक्या वेळा केल्यावर बाळ नुसत्या उंदरालाही घाबरू लागलं, मग सशाला आणि कुत्र्यालाही. म्हणजे वॉटसनने भीती तयार केली. ती घालवली नाहीच.

भीती घालवली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी, 1924 मध्ये. पीटर नावाचा मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा होता आणि सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला जाई, आणि पीटरला सोसेल तेवढाच जवळ आणला जाई. जोन्स यांनी 17 पायऱ्या नोंदवल्यात: ससा 12 फुटांवर, मग 4, मग 3, मग शेजारी, मग खोलीत मोकळा, आणि शेवटी पीटरची बोटं कुरतडणारा. मध्येच एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला आणि सगळी प्रगती धुऊन गेली. पुन्हा सुरुवात करावी लागली. जोन्स यांनी बजावलंय की घाई केली तर सशाची भीती जायची राहते आणि खाण्याचीच भीती बसू शकते. रविवारचा बेत आखणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

अर्धसत्य एक आहे, ते मान्य करतो. भीतीच्या वस्तूसमोर एकदम उभं करण्याचं तंत्र उपचारांत आहे. पण तिथे माणसाची संमती असते, आणि भीती ओसरेपर्यंत थांबायचं असतं. घरी काय होतं? मूल किंचाळतं, दार उघडलं जातं, आणि भीती शिगेला असताना सुटका मिळते. 'पळालो म्हणून वाचलो' हेच पक्कं होतं. दार उघडलं नाही, तर कोंडणाऱ्यावरचा विश्वासही जातो.

करायचंच असेल तर आठ-दहा प्रसंगांची यादी करा: कुत्र्याचं चित्र, खिडकीतून दिसणारा कुत्रा, लांबवर बांधलेला शांत कुत्रा, असं चढत्या क्रमाने. प्रत्येक प्रसंगाची किती भीती वाटते, याचे मुलाकडून 0 ते 10 गुण घ्या. दोन-तीन गुणांपासून सुरुवात करा. भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करा, मगच पुढची पायरी. मूल अडलं तर एक पायरी मागे या. कुत्र्याशी निवांत खेळणारं दुसरं मूल दिसलं, तर त्याचाही उपयोग होतो.

स्किनर तर शिक्षेच्या विरोधात होता. 1938 च्या त्याच्या प्रयोगात कळ दाबल्यावर पंजावर फटका बसलेले उंदीर थोडा वेळ थांबले, मग त्यांनी राहिलेलं दाबणं भरून काढलं. आणि त्याची 'ऋण प्रबलन' ही संज्ञा म्हणजे शिक्षा नव्हे. त्रासदायक गोष्ट दूर झाल्याने वर्तन वाढतं, ते ऋण प्रबलन. आधी सांगितलेल्या, खोलीत कोंडलेल्या मुलाचं पळणं वाढतं, ते यानेच.

फ्रॉइड जनक आहे तो मनोविश्लेषणाचा, म्हणजे मनातल्या दडलेल्या गोष्टी बोलण्यातून उलगडण्याच्या पद्धतीचा. जर्मनीतल्या लाइपझिगला वुंटने 1879 मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हा फ्रॉइड वैद्यकीचा विद्यार्थी होता.

मास्लोच्या 1943 च्या लेखात पिरॅमिड नाहीच. उलट त्याने एक काल्पनिक उदाहरण दिलंय: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा 85 टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेची 70, प्रेमाची 50, आत्मसन्मानाची 40 आणि आत्मसिद्धीची (स्वतःतल्या क्षमता पूर्ण फुलवण्याची) 10. सगळ्या एकाच वेळी, अर्धवट.